सिलिकॉन ट्रॅकरमध्ये अवघड काय असतं? सिलिकॉन सोडून सगळं

प्रश्न: मोबाइलच्या कॅमेऱ्यात सिलिकॉनचे कोट्यवधी पिक्सेल असतात आणि तो खिशात मावतो. मग कोलायडरच्या, म्हणजे कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्राच्या, प्रयोगात मध्यभागी बसवतात तो कणांची वाट टिपणारा सिलिकॉन ट्रॅकर उभा करायला दहा-पंधरा वर्षं का लागतात? त्यात एवढं वेगळं काय असतं? आणि किरणोत्साराने सिलिकॉन खराब होतं म्हणतात, तर तो वर्षानुवर्षं चालतो कसा?

उत्तर थोडं लांबेल. माझी बरीच वर्षं क्लीनरूममध्ये मॉड्यूल, म्हणजे सेन्सर आणि त्याची चिप यांचे तयार तुकडे, जोडण्यात आणि त्याहून जास्त वर्षं ती मॉड्यूल का बिघडली हे शोधण्यात गेली आहेत, त्यामुळे उत्तराचा कल कुठे जाईल ते आधीच सांगून ठेवतो.

कॅमेऱ्याशी तुलना केलीत ते बरंच झालं, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर हजारो बारीक डायोड तयार करायचे आणि प्रत्येकात किती विद्युतभार जमला ते मोजायचं. फरक आहे तो येणाऱ्या पाहुण्यात. कॅमेऱ्यात प्रकाशाचा फोटॉन येतो, वरच्या काही मायक्रॉनमध्ये जिरतो आणि एखादा इलेक्ट्रॉन मोकळा करून संपतो. आमच्याकडे येतात टकरीतून निघालेले भारित कण: पायॉन, म्युऑन, प्रोटॉन. ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सेन्सरच्या आरपार निघून जातात आणि जाता जाता वाटेवर इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा, म्हणजे होल, यांच्या जोड्यांची बारीक रेघ सोडतात. ती रेघ आम्हाला वाचायची असते, आणि कणाला शक्यतो धक्का न लावता वाचायची असते. सगळा घोळ या शेवटच्या अटीने होतो. त्यावर येतोच.

आधी सिलिकॉनच का ते. एक जोडी सुटायला इथे सरासरी ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. वायूवर चालणाऱ्या चेंबरमध्ये एका आयनीकरणाला याच्या सात-आठपट ऊर्जा जाते, शिवाय वायू विरळ. ३०० मायक्रॉन जाडीच्या सेन्सरमधून एक कण गेला की बहुतेक वेळा २२ ते २४ हजार जोड्या सुटतात. आकडा भरघोस वाटतो, पण तो ४ फेम्टोकूलोंबही भरत नाही. आणि खरी पंचाईत पुढे आहे. एक चौरस सेंटीमीटरचा तोच तुकडा खोलीच्या तापमानाला नुसता टेबलावर पडून असला, अगदी शुद्धातला शुद्ध असला, तरी त्यात तीस-चाळीस कोटी इलेक्ट्रॉन आपसूक मोकळे फिरत असतात. त्या गर्दीत आपले २४ हजार कुठे सापडणार? म्हणून डायोड. त्याला उलट्या दिशेने व्होल्टेज दिला की हे मोकळे भार दोन्ही टोकांना ओढले जातात आणि मधला सगळा भाग रिकामा होतो. यालाच डिप्लीशन म्हणतात. नव्या सेन्सरला बहुधा शंभर-दोनशे व्होल्ट पुरतात. मग आत कणाने सोडलेले इलेक्ट्रॉन दहाएक नॅनोसेकंदांत टोकाला पोचतात.

हे सुचायला फार अक्कल लागत नाही, पण करायला हातोटी लागते. १९८० साली जोसेफ केमर यांनी चिप बनवण्याची प्लेनर पद्धत डिटेक्टरसाठी वापरून दाखवली. मग जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एनए-११ प्रयोगाने चार्म क्वार्क असलेले अल्पायुषी कण शोधायला बारीक पट्ट्यांचे, म्हणजे स्ट्रिपचे सेन्सर लावले. तिथून गोष्ट वाढत गेली. पुढे अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या सीडीएफ प्रयोगात सिलिकॉनच्या व्हर्टेक्स डिटेक्टरने (व्हर्टेक्स म्हणजे ट्रॅक जिथून निघतात तो बिंदू) टॉप क्वार्क फुटून निघणारे बी-क्वार्क ओळखून दिले आणि १९९५ साली टॉप क्वार्कचा शोध जाहीर झाला, त्यात त्याचा मोठा वाटा होता.

बी-क्वार्क ओळखायचा म्हणजे काय करायचं? बी-क्वार्क असलेला कण, म्हणजे बी-मेसॉन, सुमारे दीड पिकोसेकंद जगतो. एवढ्या वेळात प्रकाशही अर्ध्या मिलिमीटरच्या आतच पोचतो. पण कण वेगात असला की सापेक्षतेमुळे त्याचं आयुष्य आपल्याला लांबलेलं दिसतं, आणि तो टकरीच्या जागेपासून काही मिलिमीटर पुढे जाऊन फुटतो. म्हणजे ट्रॅक मागे ओढत नेले तर काही ट्रॅक मुख्य व्हर्टेक्सवर न मिळता शेजारच्या दुसऱ्याच बिंदूवर मिळतात. हा फरक दहा-वीस मायक्रॉनच्या अचूकतेने पकडता आला पाहिजे. त्यासाठी सेन्सर बीमला, म्हणजे कणांच्या झोताला, जमेल तितका चिकटून हवा. सर्नच्या एलएचसी या मोठ्या कोलायडरवरच्या सीएमएस प्रयोगात पिक्सेलचा सगळ्यांत आतला थर बीमच्या मध्यापासून २९ मिलिमीटरवर आहे, अ‍ॅटलासमध्ये ३३ मिलिमीटरवर. तिथल्याच एलएचसीबी प्रयोगाचा व्हेलो हा व्हर्टेक्स डिटेक्टर तर ५.१ मिलिमीटरपर्यंत जातो. बीम आत घेताना तो पसरट असतो, म्हणून तेव्हा व्हेलोची दोन अर्धुकं बाजूला सरकवलेली असतात. बीम स्थिर झाला की ती आत आणून मिटतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती थट्टा वाटली होती.

अचूकतेचा हिशेब सोपा आहे. ८० मायक्रॉनच्या अंतराने पट्ट्या असतील आणि ‘या पट्टीत काहीतरी आलं’ एवढंच कळत असेल, तर त्या अंतराला १२ च्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे चूक २३ मायक्रॉन. भार शेजारच्या दोन पट्ट्यांत वाटला गेला आणि दोन्हींचा मोजता आला तर याहून बरंच चांगलं जमतं. सीएमएसच्या पिक्सेलचा आकार १०० बाय १५० मायक्रॉन आहे, पण चुंबकीय क्षेत्रामुळे आतले इलेक्ट्रॉन तिरके वाहतात, दोन-तीन पिक्सेलांत विभागले जातात आणि मोजमाप दहाएक मायक्रॉनपर्यंत येतं. फुकटात मिळालेली मदत आहे ही. वाकलेल्या ट्रॅकवरून संवेग काढायचा तोही याच अचूकतेच्या जोरावर. ३.८ टेस्लाच्या क्षेत्रात १०० जीईव्हीच्या (एक जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) कणाचा ट्रॅक १.१ मीटरच्या वाटेवर सरळ रेषेपासून अवघा १.७ मिलिमीटर फुगतो. हजार जीईव्हीला त्याचा दहावा भाग.

इथवर सगळं सिलिकॉनचं कौतुक झालं. आता मूळ प्रश्न, इतकी वर्षं कशात जातात.

कण पदार्थातून गेला की अणुकेंद्रकांचे असंख्य छोटे धक्के खात खात थोडा भरकटतो. पदार्थ जितका जास्त तितका भरकटणं जास्त. पदार्थ मोजायचं आमचं माप म्हणजे रेडिएशन लेंग्थ, वेगवान इलेक्ट्रॉन आपली बहुतेक ऊर्जा ज्या जाडीत गमावतो ती. सिलिकॉनसाठी ती ९.३७ सेंटीमीटर, म्हणजे ३०० मायक्रॉनचा सेन्सर ०.३ टक्क्याच्या आसपास. नगण्य. पण सेन्सर हवेत तरंगत नाही. त्याच्या पाठीला वाचन करणारी चिप, तिला वीज नेणाऱ्या तारा, सिग्नल नेणारी केबल, उष्णता काढणारी नळी, नळीला चिकटवायचा गोंद आणि हे सगळं पेलणारा कार्बन-फायबरचा सांगाडा. या सगळ्यांची बेरीज केली की पिक्सेलचा एक थर सहज दोन टक्क्यांवर जातो.

दोन टक्के म्हणजे किती, ते एका कणावर करून पाहा. १ जीईव्हीचा पायॉन बीमपासून ३ सेंटीमीटरवरच्या पहिल्या थरातून जातो. दोन टक्क्यांच्या थरात त्याची दिशा साधारण १.६ मिलिरेडियनने ढळते. पुढच्या थरांवरून आपण तो ट्रॅक मागे ओढत आणला, की ३ सेंटीमीटरच्या अंतरावर या ढळण्याची चूक होते जवळपास ५० मायक्रॉन. आणि आपण १० मायक्रॉनचा सेन्सर केला म्हणून पाठ थोपटून घेत होतो! टकरीतून निघणारे बहुसंख्य कण या १ जीईव्हीच्याच आगेमागे असतात. म्हणजे त्यांच्यासाठी तुमचा सेन्सर ५ मायक्रॉनचा असो की १५ चा, उत्तरात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो केबल पातळ केल्याने, नळीची भिंत खरवडल्याने, तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम घेतल्याने. नव्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात हा हिशेब कागदावर करायला लावतो. बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण ते सेन्सर डिझाइन करायला आलेले असतात.

दुसरी बाजूही आहे. सीएमएसचा ट्रॅकर जवळपास २०० चौरस मीटर सिलिकॉनचा, १५ हजारांहून जास्त मॉड्यूलचा, ९० लाखांवर पट्ट्यांचा. २००८ साली तो तयार झाला तेव्हा त्याच्या सगळ्यांत जाड भागात पदार्थ पावणेदोन रेडिएशन लेंग्थच्या पुढे गेला होता. एवढ्या पदार्थातून बाहेर पडताना निम्म्याहून जास्त फोटॉन वाटेतच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होऊन जातात, आणि इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा वाटेत उधळत बसतात. हिग्ज कण फुटून निघणारे दोन फोटॉन शोधणाऱ्या मंडळींना पुढे कॅलरीमीटरपाशी, म्हणजे ऊर्जा मोजणाऱ्या बाहेरच्या डिटेक्टरपाशी, हे सगळं निस्तरावं लागलं.

मग तारा एवढ्या जाड का ठेवायच्या? कारण चिपला लागतो एक-दोन व्होल्ट, आणि वॉट मात्र पुष्कळ. कमी व्होल्टेजवर जास्त वीज न्यायची म्हणजे करंट प्रचंड, सगळ्या ट्रॅकरचा मिळून हजारो अँपिअरवर. आणि तारेत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तार बारीक केली की ती स्वतःच तापते. यातून दोन पळवाटा निघाल्या आहेत. एक म्हणजे जास्त व्होल्टेजने वीज आत आणायची आणि मॉड्यूलजवळ छोट्या डीसी-डीसी कन्व्हर्टरने उतरवायची. दुसरी म्हणजे मॉड्यूल माळेतल्या मण्यांसारखी एकामागे एक ओवायची आणि तोच करंट सगळ्यांतून फिरवायचा. हाय-ल्युमिनॉसिटी एलएचसीच्या, म्हणजे टकरी कैकपट वाढवणाऱ्या पुढच्या टप्प्याच्या, पिक्सेल डिटेक्टरांनी ही दुसरी वाट धरली आहे. माळेतला एक मणी तुटला तर सगळी माळ जाते की काय, ही भीती सगळ्यांनाच वाटते, म्हणून प्रत्येक चिपमध्ये करंटला वळसा देणारी सोय ठेवतात.

थंड करणं हे तारांइतकंच डोकेदुखीचं. इथे कार्बन डायऑक्साइडने बाजी मारली. द्रव कार्बन डायऑक्साइड नळीत उकळवायचा, वाफ होताना तो भरपूर उष्णता घेऊन जातो. दाबाखाली चालत असल्यामुळे वाफेला जागा कमी लागते आणि दीड-दोन मिलिमीटरच्या नळ्या पुरतात, भिंत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहून पातळ. एलएचसीबीच्या नव्या व्हेलोत तर नळीही नाही. सिलिकॉनच्याच पाटीत केसासारख्या वाहिन्या कोरून त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडला आहे.

आता किरणोत्सार. थंडाव्याचा विषय आलाच आहे तर दोन्ही एकत्रच सांगतो, कारण ते वेगळे काढता येत नाहीत.

वेगाने जाणारा कण अधूनमधून सिलिकॉनच्या अणूला त्याच्या जागेवरून उडवतो. स्फटिकात रिकामी जागा राहते, उडालेला अणू भलतीकडे अडकतो, आणि तिथे कायमचा खोट तयार होतो. अशा खोटांमुळे तीन गोष्टी घडतात. लीकेज करंट, म्हणजे कण आला नसतानाही झिरपणारा करंट, वाढतो. डिप्लीशनला लागणारा व्होल्टेज बदलतो. आणि वाहत जाणारे इलेक्ट्रॉन वाटेतच अडकून बसतात.

पहिलीचा हिशेब इतका नेमका आहे की आम्ही उलट त्यावरून किरणोत्साराची मात्रा मोजतो. दर चौरस सेंटीमीटरला एकावर पंधरा शून्यं इतके न्यूट्रॉन-समतुल्य (नुकसानीच्या हिशेबात तेवढ्या न्यूट्रॉनच्या बरोबरीचे) कण गेलेला, ३०० मायक्रॉन जाडीचा, १ चौरस सेंटीमीटरचा सेन्सर घ्या. २० अंश सेल्सिअसला त्याचा लीकेज करंट १.२ मिलिअँपिअर येतो. ५०० व्होल्टवर म्हणजे ०.६ वॉट, एवढ्याशा तुकड्यात. तो तापतो, तापला की करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो. याला थर्मल रनअवे म्हणतात, आणि एकदा सुरू झाला की आकडे बघत बसण्यात अर्थ नसतो, व्होल्टेज काढायचा. तोच सेन्सर उणे २० अंशांना ठेवा. करंट साठपट कमी, २० मायक्रोअँपिअर. ऊर्जा १० मिलिवॉट. थंडीची सगळी उठाठेव एवढ्यासाठी.

डिप्लीशन व्होल्टेजची गोष्ट जास्त गमतीची. जुन्या एन-प्रकारच्या (ज्यात मोकळे इलेक्ट्रॉन जास्त) सेन्सरमध्ये किरणोत्साराने तो आधी घटत जातो, जवळजवळ शून्यावर येतो आणि मग पुन्हा चढू लागतो. कारण खोटांमुळे आत ऋण भार साठत जातात आणि सिलिकॉनची जातच एन-ची पी (ज्यात होल जास्त) होते. यावर वेळ आणि तापमान यांचा खेळ वेगळाच. मार खाल्लेला सेन्सर काही दिवस थोडा ऊबदार ठेवला तर सुधारतो, लीकेजही उतरतो. फार दिवस ठेवला तर उलटतो आणि आणखी बिघडतो. त्यामुळे मशीन बंद असतानाही ट्रॅकर थंडच ठेवतात आणि दुरुस्तीसाठी किती तास किती अंशांवर येऊ द्यायचा, याची वही असते. नव्या पिढीत पी-प्रकारच्या सिलिकॉनवर एन-प्रकारचे पिक्सेल करतात. जात बदलण्याचा प्रश्नच राहत नाही, आणि गोळा होतात ते इलेक्ट्रॉन, जे होलपेक्षा चपळ असल्यामुळे अडकायच्या आत निसटायची त्यांची शक्यता जास्त.

हाय-ल्युमिनॉसिटी एलएचसीत सगळ्यांत आतल्या थराला एकावर सोळा शून्यं, आणि त्याच्या दुप्पट, एवढा मारा सोसावा लागणार आहे. अशा सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉन काही डझन मायक्रॉन गेला तरी खूप. मग ३०० मायक्रॉन जाडी काय कामाची? म्हणून सेन्सर पातळ होत चालले आहेत, १०० ते १५० मायक्रॉनपर्यंत. शेरवूड पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सुचवलेली थ्री-डी सेन्सरची कल्पना याहून चलाख आहे. त्यात इलेक्ट्रोड पृष्ठभागावर न ठेवता खांबांसारखे आत घुसवतात, त्यामुळे जाडी तीच राहते आणि इलेक्ट्रॉनला चालायचं अंतर मात्र कमी होतं. २०१४ मध्ये अ‍ॅटलासमध्ये बसवलेल्या आतल्या नव्या थरात, आयबीएलमध्ये, साधारण पाव भाग असे सेन्सर आहेत.

तरी माझा अनुभव असा की सेन्सर कधी एकदम दगा देत नाही. तो वर्षानुवर्षं, आधी सांगून, हिशेबाप्रमाणे म्हातारा होतो. अचानक दगा देतात त्या बाकीच्या गोष्टी. आयबीएलचंच बघा. २०१५ मध्ये त्याच्या चिपचा करंट अपेक्षेबाहेर चढू लागला. ट्रान्झिस्टरच्या शेजारच्या ऑक्साइडमध्ये किरणोत्साराने धन भार साठतो, त्याने गळती वाढते. मग त्याला तोडीस तोड ऋण भार सावकाश जमतो आणि करंट पुन्हा उतरतो. मधलं शिखर पार करेपर्यंत तापमान आणि व्होल्टेज जपून हाताळावं लागलं. सीएमएसच्या नव्या पिक्सेलमध्ये २०१७ च्या शेवटाला डीसी-डीसी कन्व्हर्टर मरू लागले, आणि तेही बंद करून पुन्हा चालू करताना. मार खाल्लेल्या चिपमध्ये, ती बंद असताना, एका जागी गळतीचा भार साठून व्होल्टेज मर्यादेबाहेर जात होता. अडकलेली चिप बंद-चालू करायची सोय म्हणून जे ठेवलं होतं, तेच अंगाशी आलं.

सीडीएफच्या तारांचा किस्सा आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. सेन्सर आणि चिप जोडायला वायरबाँड करतात, २५ मायक्रॉन जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार, अल्ट्रासॉनिकने दाबून चिकटवलेली, दोन्ही टोकांमध्ये कमान. चुंबकीय क्षेत्रात अशा तारेतून करंट गेला की तिला ढकलणारं बल लागतं. करंट ठरावीक वारंवारतेने चालू-बंद होत राहिला आणि ती वारंवारता नेमकी तारेच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली, तर तार झुलत झुलत टाचेपाशी, म्हणजे चिकटवलेल्या टोकाजवळ, तुटते. तिथे तसंच झालं. तेव्हापासून कुणीही वाचनाची वारंवारता ठरवायला बसलं की खोलीतला एखादा तरी म्हातारा तारांची आठवण काढतो. आता तो म्हातारा बहुधा मीच असतो.

मॉड्यूल तपासणं म्हणजे प्रत्यक्षात काय, तेही सांगतो. नमुन्याच्या तारांना बारीक आकडा लावून वर ओढायचं आणि किती ग्रॅमला तुटते ते लिहायचं. आठ-दहा ग्रॅमच्या वर गेली की बरं. पण आकड्यापेक्षा ती कुठे तुटली हे बघायचं. टाचेत तुटली तर बाँड ठीक, तारच संपली. पॅडवरून सालीसारखी उचलली गेली तर पृष्ठभाग घाण आहे, आणि मग त्या दिवसाची सगळी मॉड्यूल संशयित. त्यानंतर आयव्ही कर्व्ह, म्हणजे व्होल्टेजप्रमाणे करंट कसा बदलतो त्याची रेघ. अंधाऱ्या डब्यात मॉड्यूल ठेवायचं, व्होल्टेज दहा-दहाने चढवायचा आणि करंट बघायचा. चांगल्या सेन्सरची रेघ थोडी चढते आणि मग आडवी पडते. मधेच उभी उठली की कडेला ओरखडा, धूळ किंवा ओल.

ओलीवरून आठवलं. एकदा आमच्याकडे शुक्रवारी उत्तम निघालेल्या दहा-बारा मॉड्यूलांनी सोमवारी दीडशे व्होल्टलाच हात टेकले. दोन दिवस आम्ही सेन्सरच्या बॅचला शिव्या घालत होतो, मायक्रोस्कोपखाली कडा तपासत होतो, बनवणाऱ्यांना पाठवायचं पत्रसुद्धा लिहून झालं होतं. मग एकीच्या लक्षात आलं की साठवणीच्या कपाटाला येणाऱ्या कोरड्या हवेचा व्हॉल्व्ह शनिवारी साफसफाईच्या वेळी बंद झाला होता. पृष्ठभागावर ओल बसली होती, एवढंच. दीड दिवस कोरडी हवा सोडली आणि सगळी मॉड्यूल सुधारली. पत्र पाठवलं नव्हतं हे नशीब. तेव्हापासून प्रत्येक आयव्ही कर्व्हसोबत आर्द्रतेचा आकडा लिहिल्याशिवाय मी सही करत नाही.

मॉड्यूल बसल्यावर त्यांच्या जागा कळल्या पाहिजेत. जुळणी करताना कितीही जपलं तरी जागा दहा मायक्रॉनला माहीत नसतात, शिवाय थंड केल्यावर सांगाडा आक्रसतो. मग लाखो ट्रॅक घेऊन सगळ्या मॉड्यूलांच्या जागा आणि कल एकदम सोडवतात. एकाच गणितात लाखभर अज्ञातं सहज असतात. यात फसवी जागा अशी की सगळा ट्रॅकर दंडगोलासारखा किंचित पिळला गेला असेल तर ट्रॅक तरीही सुरेख बसतात, फक्त धन कणांचा संवेग थोडा जास्त आणि ऋणांचा थोडा कमी येतो. ट्रॅकच्या सुबकपणावरून हे कधीच कळत नाही. झेड बोसॉनपासून निघालेले दोन म्युऑन घेऊन वस्तुमान ९१.१९ जीईव्हीवर येतं का, आणि ते कोनाप्रमाणे डुलतं का, ते बघावं लागतं. आकाशातून आडवेतिडवे येणारे म्युऑन इथे फार उपयोगी, कारण ते बीमच्या मध्यातून येत नाहीत.

आता वर्षांचा हिशेब लागेल. एलएचसीत दर २५ नॅनोसेकंदांनी बीमचे गुच्छ एकमेकांतून जातात. सध्या एका वेळी पन्नास-साठ टकरी होतात, पुढे दोनशेपर्यंत होतील. दोनशे टकरींचे ट्रॅक वेगळे काढायला अ‍ॅटलासचा नवा ट्रॅकर पाच अब्ज पिक्सेलच्या घरात जातो. सीएमएस बाहेरच्या थरांत दोन सेन्सर एकमेकांपासून काही मिलिमीटरवर ठेवणार आहे. दोन्हींतल्या हिटचं अंतर कमी असेल तर ट्रॅक कमी वाकलेला, म्हणजे संवेग जास्त, आणि एवढाच माल सेकंदाला चार कोटी वेळा ट्रिगरकडे, म्हणजे कुठल्या टकरी ठेवायच्या ते ठरवणाऱ्या यंत्रणेकडे, जाणार. हे सगळं एकदा आत बंद झालं की वर्षानुवर्षं हात लागत नाही. नुसती हजारो मॉड्यूल बनवायला तीन-चार वर्षं जातात, त्याआधी चिपच्या दोन-तीन आवृत्त्या, त्याआधी गोंद. होय, गोंदसुद्धा. तो किरणोत्सारात ठिसूळ होतो का, उणे ४० ला सुटतो का, हे कळायलाच महिने लागतात.

कॅमेऱ्याच्या सगळ्यांत जवळ गेलेला एलएचसीवरचा प्रयोग अ‍ॅलिस. तिथे सेन्सर आणि वाचनाची चिप एकाच सिलिकॉनमध्ये आहेत. २०२१ मध्ये बसवलेल्या त्यांच्या ट्रॅकरमध्ये १२.५ अब्ज पिक्सेल आहेत, एकेक २७ बाय २९ मायक्रॉनचा, आणि आतल्या थरांत चिपची जाडी फक्त ५० मायक्रॉन. वेगळी चिप नाही, तिला जोडायचे बम्प-बाँड, म्हणजे धातूचे बारीक थेंब, नाहीत, त्यामुळे आतला थर ०.३५ टक्क्याच्या जवळ बसतो. वरचा हिशेब याला लावला तर ५० मायक्रॉनचे २० च्या आत येतात.

पुढच्या टप्प्यात ते याहून पुढे जाणार आहेत. ५० मायक्रॉनपर्यंत घासलेलं सिलिकॉन कागदासारखं वाकतं. म्हणून हाताएवढा लांब एकच सेन्सर बीमच्या नळीभोवती अर्धवर्तुळात वाकवायचा, फोमच्या बारीक पट्ट्यांनी धरायचा आणि वाऱ्याने थंड करायचा. वीज आणि सिग्नल सेन्सरच्याच आतून टोकापर्यंत नेले की कणांच्या वाटेत ना केबल राहते, ना नळी. वाकवलेल्या चिप बीममध्ये तपासून झाल्या आहेत आणि त्या सपाट चिपइतक्याच चालतात.

मग सीएमएस आणि अ‍ॅटलास असं का करत नाहीत, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. अ‍ॅलिसला टकरींचा वेग कमी लागतो, त्यामुळे किरणोत्साराचा मारा त्या दोघांच्या आतल्या थरापेक्षा हजारपटींच्या हिशेबात कमी आहे, आणि लीकेज करंट वाऱ्याने आवरता येतो. एकावर सोळा शून्यं आली की पुन्हा उणे तीस-चाळीस अंश लागतात, त्यासाठी कार्बन डायऑक्साइड, त्यासाठी नळी, आणि नळीला गोंद.